दिव्याखालचे अक्रोड

अक्रोड कानाला लावून हलवून बघणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तुम्ही घड्याळजीला पाहिलेलं नाही. दुकानात पोत्यासमोर तो उकिडवा बसायचा, एकेक अक्रोड कानाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. आत खडखडलं की गर सुकला, नापास. हाताला जड लागला आणि गप्प राहिला, पास. कवच जरा जास्तच गोरं दिसलं तर दुकानदाराला विचारायचा, "याला पावडर कुणी लावली?" दुकानदार त्याला इतका वचकून होता की घड्याळजी कोपऱ्यावर दिसला की आपणहून मागचं पोतं पुढे ओढायचा.

घड्याळं दुरुस्त करायचं दुकान त्यानं केव्हाच बंद केलं होतं. खिडकीजवळचं कामाचं टेबल, त्यावरचा वाकड्या मानेचा दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग एवढं घरी आलं होतं. मुलगा मालवाहू जहाजावर, म्हणजे वर्षाचा बराचसा काळ फक्त फोनवर. सून विम्याच्या कार्यालयात. मग नातीला दिवसभर सांभाळणार कोण? घड्याळजी. नात चार वर्षांची, तोंडाला विश्रांती नाही, म्हणून तिचं नाव त्यानंच ठेवलं होतं टिकटिक.

सोललेले अक्रोड पाकिटात मिळतात, हे त्याला कुणी सांगायची सोय नव्हती.

"उघडे गर? कधी सोलले, कुणी सोलले, कुठे पडून होते, पत्ता आहे? कवच म्हणजे निसर्गानं बसवलेलं झाकण. घड्याळाचं झाकण काढून कुणी घड्याळ विकतं का?"

"बाबा, तुमचं भाषण संपेपर्यंत टिकटिकचं लग्न होईल," सून पर्स शोधता शोधता म्हणायची. "द्या काय द्यायचं ते. फक्त आधी तुम्ही चाखा."

तो घरचा नियमच होता. टेबलाच्या कडेला बसवलेल्या शेगड्यात, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या लोखंडी जबड्यात, अक्रोड धरायचा, हळूच दाबायचा, गराचा एक कोपरा आजोबांनी चाखायचा आणि मग दोन्ही अर्धे टिकटिकला. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, हे घड्याळजीचं शास्त्र. त्यात चांगली चरबी असते, हे मुलांच्या डॉक्टरीणबाईंचं शास्त्र. निकाल एकच लागत असल्यामुळे दोन्ही शास्त्रांत भांडण नव्हतं.

घोटाळा झाला तो थंडीत. घड्याळजीला जबरदस्त सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना नाक घेऊन गेली. म्हणजे नाक जागच्या जागी होतं, चष्मा व्यवस्थित बसत होता, पण वास येईना. साबण आणि कांदा यांत फरक राहिला नाही. जिभेला खारट, गोड एवढंच ठोकळ कळायचं, आणि अक्रोड म्हणजे चावायला मिळणारा पुठ्ठा. येईल परत, असं म्हणून तो गप्प बसला. तशात एकदा गॅसवर दूध करपलं. पातेलं कोळसा झालं, जिन्यापर्यंत धूर गेला आणि हा शेजारच्या खोलीत टिकटिकला गोष्ट सांगत बसलेला.

"डोळा लागला होता गं जरा," तो सुनेला म्हणाला.

सून ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पातेलं घासता घासता म्हणाली, "बाबा, पुन्हा असं झालं तर मला टिकटिकला पाळणाघरात ठेवावं लागेल. मला तिथे कामात लक्ष लागत नाही."

त्या दिवसापासून घड्याळजीनं नाकाचं गुपित छातीशी धरलं. रोज सकाळी अक्रोड फोडायचा, एक कोपरा तोंडात टाकायचा, भुवया उंचावून "वा!" म्हणायचा. हा "वा" इतका जमून आला होता की त्याचा त्यालाच भरवसा वाटायला लागला होता.

आणि मग एका सकाळी एक अक्रोड शेगड्यात नीट दोन भागांत उघडला. गराच्या घडीत काहीतरी करडं होतं. कोळ्याच्या जाळ्यासारखं, पण मऊ. घड्याळजीनं भिंग डोळ्याला लावलं. बुरशी.

"आबा, माझा?" टिकटिकनं हात पुढे केला.

"हा नापास," तो म्हणाला आणि मूठ मिटली. हा दिसला. जे दिसले नाहीत त्यांचं काय? बुरशीचं विष यकृतात जातं, असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं विसरायची कला त्याला कधीच जमली नव्हती. कालचा कसा होता? परवाचा? त्या सगळ्यांना त्यानं "वा" म्हटलं होतं.

दुपारी टिकटिक जेवली नाही. सतरंजीवर आडवी झाली, उलटी केली आणि बोलायची थांबली. ही पोर गप्प बसली म्हणजे घरातल्या भिंतीसुद्धा कान टवकारायच्या. घड्याळजीनं तिच्या कपाळाला हात लावला. गरम. दिवाणखान्यातलं माणसाच्या उंचीचं उभं घड्याळही नेमकं बंद होतं. हल्ली ते चावी संपायच्या आतच थांबायचं. त्यानं वरचा भाग उघडून सगळी चक्रं पुसली होती, तेल दिलं होतं, दोष सापडला नव्हता. आता त्या शांततेत त्याला फक्त पोरीचा श्वास ऐकू येत होता, आणि तोही पुरेसा ऐकू येत नव्हता.

त्यानं सुनेला फोन केला. "उलटी झालीय. ताप आहे. ये."

मग अक्रोडांची पिशवी उचलून तो दार उघडं ठेवूनच समोर गेला. समोर शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. जिन्यात चपला कुणी काढायच्या यावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

"बाई, एक वास घ्या."

"इतक्या दिवसांनी तोंड उघडलंत आणि हे?" पण त्याचा चेहरा बघून त्यांनी मशीन थांबवलं. त्यानं अक्रोड दाराच्या फटीत धरून फोडला. बाईंनी नाकाशी नेला आणि मान मागे घेतली. "अगं बाई! रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास येतोय. तेल खवट झालंय हो याचं. तुम्हाला येत नाही?"

घड्याळजीनं पिशवीचं तोंड बांधलं.

"कुठे ठेवले होतेत?"

"टेबलावर. दिव्याखाली."

"दिवा चालू?"

"दिवसरात्र. दमट हवेनं गंज..." तो थांबला. हयातभर त्यानं घड्याळं दमट हवेपासून वाचवली होती, दिव्याच्या उबेत, कोरडी ठणठणीत. अक्रोडही त्यानं तसेच वाचवले होते. गंज लागला नव्हता खरा. दुकानदाराचं पोतं चोख होतं. एवढी पारख करून आणलेला माल यानंच घरी आणून शिजवला होता.

"अहो, गार जागी ठेवायचे ते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि त्या मऊपणानं तो जास्तच घाबरला.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात भिंतीवर जिराफ होता. घड्याळजी त्या जिराफाकडे बघत उभा राहिला, कारण सुनेकडे बघवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, डोळ्यांच्या कडा पाहिल्या.

"काय खाल्लं होतं?"

"सकाळी अक्रोड, दूध," सून म्हणाली. "पण अक्रोड बाबा आधी स्वतः चाखतात. एकही वाईट तिच्या तोंडात जात नाही."

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. लेखणी कागदावर टेकली. हे असंच लिहिलं गेलं तर प्रकरण मिटत होतं. सकाळ पुन्हा त्याची, शेगडा त्याचा, टिकटिक त्याची. त्यानं तोंड उघडलं तर पाळणाघर.

"नाही," घड्याळजी म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "नाही हो. मी चाखतो, पण मला कळत नाही. थंडीपासून वास नाही, चव नाही. अक्रोड खवट होते. एकात बुरशी होती. ते लिहा."

सून त्याच्याकडे वळली. "दूध करपलं तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा. जागा होतो मी."

एवढ्यात टेबलावर आडव्या पडलेल्या टिकटिकनं डोळे किलकिले केले. "कडू मी नाही खाल्ले," ती म्हणाली. "मी ते घड्याळाला दिले."

"कुठल्या घड्याळाला, राणी?" सुनेनं विचारलं.

"मोठ्या. खालच्या दारातून."

"मला का नाही सांगितलंस गं?" घड्याळजीनं विचारलं.

"तू 'वा' म्हणायचास ना," टिकटिक म्हणाली. "तुला वाईट वाटलं असतं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण लेखणी खाली ठेवली. साथ चालू आहे, पोटाचीच दिसते, पाणी पाजत राहा, रात्रीतून काही वाटलं तर लगेच या, असं म्हणाल्या. उद्या रक्त तपासू, मनात शंका नको. शंका या शब्दाशी घड्याळजी अडला आणि घरी येईपर्यंत तिथेच अडून राहिला.

घरी आल्यावर सुनेनं उभ्या घड्याळाचं खालचं दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. आत अक्रोडांच्या गरांचा ढीग होता, काही नुसते दातांचे ठसे उमटलेले. घड्याळाचं लोखंडी वजन खाली उतरता उतरता त्या ढिगावर येऊन आरामात बसलं होतं. वजन खाली जाईना, म्हणून घड्याळ चालेना. घड्याळजी वर चक्रं पुसत बसला होता. त्याच्या मते घड्याळाचा दोष नेहमी वर असायचा.

"बाबा, खरंच काही येत नाही? एवढा वास सुटलाय."

"काही नाही गं."

सून स्वयंपाकघरात गेली. गॅसचं मुख्य बटण बंद केल्याचा खट्ट आवाज त्याला ऐकू आला. कान शाबूत होते, दुर्दैवानं. ती परत आली तेव्हा त्यानं विचारायचं म्हटलं, पण तिनंच सांगितलं.

"उद्या मी सुट्टी घेते. रक्ताचं कळू दे. मग तुमच्या नाकाला डॉक्टर शोधू. पाळणाघराचं त्यानंतर बघू." मग जरा थांबून, "दवाखान्यात गप्प बसला असतात आणि हे मला इथे कळलं असतं, तर मात्र आजच बघितलं असतं."

ती टिकटिकला घेऊन आतल्या खोलीत गेली. घड्याळजी जमिनीवर बसला आणि एकेक गर काढून वर्तमानपत्रावर ठेवायला लागला. वजन मोकळं झालं, कोपर लोलकाला लागलं आणि घड्याळ चालू झालं. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. तो अर्ध्याला अर्धा लावून बघत होता. ढीग मोठा होता, देवाची कृपा. पण सगळे कडू तिनं इथेच आणून टाकले होते का? एखादा जरा कमी कडू होता, आजोबा "वा" म्हणाले म्हणून गिळला, असं झालं नव्हतं ना? एक अर्धा गर उरला. त्याचा जोडीदार सापडेना. घड्याळजीनं भिंग डोळ्याला लावलं, घड्याळाच्या तळात हात घालून कोपरे चाचपले, पुन्हा चाचपले.

आतून बारीक आवाज आला, "आबा, पाणी."

तो उठला. अर्धा गर अजून मुठीतच होता.