चौदाव्या मजल्यावरची खिंड

जपानमधल्या ओजिमात, एका चौदा मजली इमारतीत मुलाकडे राहायला आल्यावर मोरेश्वरांनी सगळ्यात आधी काय शिकून घेतलं असेल, तर कचऱ्याची शिस्त. कुठल्या वारी काय टाकायचं याचं चित्रांचं पत्रक फ्रिजवर लावलेलं होतं. जुन्या कागदांचा गठ्ठा पांढऱ्या दोरीने आडवा-उभा कसा बांधायचा, तेही त्यात दाखवलं होतं. एकोणचाळीस वर्षं वाईच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या या माणसाला ती गाठ फार आवडली. पुढे तीच भोवली.

मंगळवारी त्यांनी कपाटातून बावीस कार्डं काढली, मऊ फडक्याने पुसली, क्रमाने लावली आणि त्याच दोरीने, तशीच आडवी-उभी बांधली. रविवारी विसरायला नको म्हणून गठ्ठा दाराजवळ चपलांच्या कपाटावर ठेवला. बुधवार जुन्या कागदांचा. सकाळी ऑफिसला निघालेल्या वीणाने, त्यांच्या सुनेने, तो जाता जाता उचलला आणि खाली नेऊन ठेवला.

संध्याकाळी ती चहा गाळता गाळता म्हणाली, "बाबा, तुमचा कागदांचा गठ्ठा ठेवला हं मी खाली. शेजारच्या साकामोतो-सान तिथेच होत्या. म्हणाल्या, असा सुरेख गठ्ठा आमच्याकडे पण कुणी बांधत नाही आता."

मोरेश्वरांनी कप खाली ठेवला. कागदाची गाडी सकाळी नऊलाच येऊन जाते, हे त्यांना पाठ होतं.

"जुनेच होते," ते म्हणाले. "बरं केलंस."

त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. पण खरं सांगितलं असतं तर ही पोर आठवडाभर नीट जेवली नसती. मुलगा विश्वजित कामासाठी शुक्रवारपर्यंत त्सुकुबाला, आणि फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. हे सांगता यावं असं एकच माणूस होतं, त्यांची बायको प्रभावती. आणि कार्डं तिचीच होती.

त्या दोघांनी कार्डांवरचा तो प्रवास कधी केला नव्हता. शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं आणि एक मोठा नकाशा, एवढ्यावर आखला होता. लिमाच्या कोरड्या किनाऱ्यावरून निघायचं, अँडीज चढून कुस्कोला जायचं, मग अकानाकोच्या खिंडीतून वाकड्यातिकड्या रस्त्याने ढगांच्या जंगलात आणि तिथून खाली नदीपर्यंत, जिथे रस्ता संपतो आणि होडी लागते. रोजच्या टप्प्याचं एक कार्ड. मजकूर त्यांचा, चित्र प्रभावतीचं. ती त्याच शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाल्यावर जायचं ठरलं होतं. मग तिचं डायलिसिस सुरू झालं. मग मोरेश्वर एकटेच जपानला आले, आणि बॅगेत कपड्यांच्या मधोमध ती बावीस कार्डं आली.

रविवारी खालच्या हॉलमध्ये ते चार मुलांना मराठी शिकवत. या रविवारी अँडीजचा प्रवास दाखवायचं त्यांनी कबूल केलं होतं. कार्डं गेली, तरी कबूल केलेलं कसं मोडायचं? तीन दिवस त्यांनी ती मनातल्या मनात उलटून पाहिली. रविवारी तिघांची पोहण्याची स्पर्धा निघाली. उरली घरची नात नुपूर, वय वर्षं नऊ.

"आजोबा, कार्डं?" तिने विचारलं.

"आज कार्डांशिवाय जायचं. लिफ्टमध्ये चल."

वर जाताना त्यांनी तिला पहिली आठ कार्डं सांगितली. डोंगर घाईने चढला तर डोकं दुखतं, हेही सांगितलं.

"मग आता दुखेल?"

"तुझं नाही. उतरताना माझे गुडघे दुखतील."

चौदाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली. खिंडीपासून नदीपर्यंत चौदा कार्डं होती आणि इमारतीला मजलेही चौदा. जिन्यात सोसाट्याचा वारा होता.

"ही खिंड. साडेतीन हजार मीटर. झाड एक नाही, नुसतं पिवळं गवत."

"सामुई," नुपूर कुडकुडत म्हणाली आणि जॅकेटची चेन ओढली.

तेराव्यावर बटाट्याची शेतं. बाराव्यावर पहिली झुडपं. अकराव्यावर शेवाळाने लगडलेली झाडं. दहाव्यावर ढग असा दाट, की ड्रायव्हर हॉर्न वाजवत गाडी उतरवतो. नवव्यावर नुपूरने आपल्याच दाराकडे बोट दाखवलं. "आपलं घर ढगात आहे." मोरेश्वर हसले, चार दिवसांत पहिल्यांदाच. आठव्यावर दरड आणि डोंगरातून थेट रस्त्यावर पडणारा धबधबा.

सातव्यावर ते थांबले.

सहाव्याचं त्यांना दिसत होतं: लालभडक पिसांचा पक्षी, फांदीवर तोरा मिरवणारा. पण त्याच्या आधीचं, सोळावं? मजकूर आठवेना. चित्र आठवेना. प्रभावतीने ते काढलं तेव्हा ती खिडकीशी बसली होती, ब्रश ओठात धरून, हे आठवत होतं. कागदावर काय होतं ते नाही. त्यांनी कठडा धरला. ते आता कुठेच पाहता येणार नव्हतं आणि कुणाला विचारता येणार नव्हतं.

"इथे काय?" नुपूर म्हणाली.

"आठवत नाही गं."

"आजीला माहीत होतं?"

"आजीलाच माहीत होतं."

नुपूर जपानीत काहीतरी भराभर बोलली. त्यातलं त्यांना एक अक्षरही कळलं नाही. तिने मराठीत सांगायचा प्रयत्न केला, शब्द सापडला नाही, तशी तिने मान हलवून सोडून दिलं.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "खाली नदी आहे. मी येतो."

तिची पावलं धडाधड उतरत गेली. लाल पक्षी, केळीच्या बागा, पहिलं गरम वारं, सगळं तिने न पाहता ओलांडलं. मोरेश्वर सातव्या मजल्याच्या पायरीवर बसले. समोर लोकांच्या गॅलऱ्यांत रविवारच्या गाद्या वाळत होत्या. त्यांनी अजून एकदा प्रयत्न केला. ब्रश ओठात. खिडकी. पुढे काही नाही.

खूप खालून हाक आली. "आजोबा, मी नदीवर आले. होडी थांबवू?"

"थांबव," ते म्हणाले. पण आवाज इतका हळू निघाला, की त्यांना पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. मग कठड्याला धरून ते उठले आणि सातवा मजला तसाच कोरा ठेवून सहाव्याकडे उतरू लागले.