जुन्या लाइनीचा व्हॉल्व्ह

आमच्या गावात वर्षाचे पाच महिने पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि नेमक्या त्याच पाच महिन्यांत नळाला पाणी नाही म्हणून लोक माझा उद्धार करतात. मी पाणी सोडते. सकाळी सहाला डोंगरावरच्या टाकीपाशी जायचं, चेंबरचं झाकण उचलायचं, कमरेएवढी लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि चौदा फेरे उघडायचे, की खालच्या सगळ्या आळ्यांना पाणी. काम सोपं आहे. फक्त पाठ आपली नाही असं समजायचं.

माझ्याआधी हे काम माझ्या सासऱ्यांनी एकतीस वर्षं केलं. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. आता त्यांना विसर पडतो. जेवण झाल्यावर तासाभरानं ताट मागतात, मला कधी सूनबाई म्हणतात तर कधी त्यांची धाकटी बहीण समजून रागावतात. मीही उलट रागावते. घरात दोघंही तापट, त्यामुळे आमचं बरं जमतं.

यंदाच्या पावसात तीनदा असं झालं, की मी पाणी सोडून घरी यायची आणि थोड्याच वेळात वरच्या आळीतल्या शिक्षिका बाई दारात हजर. "अगं, बाहेर आभाळ फाटलंय आणि नळ कोरडा! आम्ही काय पागोळ्यांखाली तोंड उघडून उभं राहायचं?" पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "तुमची अजून उमेदवारी चालू आहे. आणखी एक तक्रार आली तर मला दुसरं माणूस बघावं लागेल," म्हणाले. मी शपथेवर सांगत होते की पाणी सोडलंय, पण ऐकतो कोण.

चौथ्या वेळी मी पाणी सोडलं आणि टाकीमागे दबा धरून बसले. अर्ध्या तासात एका हातात छत्री आणि खांद्यावर स्वतःची जुनी चावी घेऊन आप्पा चढण चढून आले. झाकण उचललं आणि व्हॉल्व्ह बंद करायला लागले.

"आप्पा! काय करताय हे?"

"नदी लाल झालीय," ते म्हणाले. "गढूळ पाणी खाली गेलं तर पोरं आजारी पडतील."

माझा राग तिथंच विरघळला. त्यांच्या काळात पाणी गाळायची सोय नव्हती. नदी गढूळ झाली की टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, हाच उपाय. एका वर्षी त्यांना यायला उशीर झाला आणि आळ्यांमधली निम्मी पोरं तापानं फणफणली. त्यात तीन वर्षांचा माझा नवराही होता, अकरा दिवस दवाखान्यात. गाळण्याचं केंद्र झालं ते आप्पा निवृत्त झाल्यावर. हे मी त्यांना दहादा सांगितलं. दहादा त्यांनी मान डोलावली आणि पुढची मोठी सर येताच पुन्हा निघाले.

"दाराला कुलूप लाव," नवरा म्हणाला. ते मला जमेना, म्हणून मी आप्पांची व्हॉल्व्हची चावी लपवली. त्या दिवशी आप्पांनी पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं, तांदळाच्या डब्यातसुद्धा हात घातला. घासभरही खाल्लं नाही. शेवटी भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मला माझीच लाज वाटली.

टाकीपाशी जुन्या, बंद पडलेल्या लाइनीचं चेंबर आहे. त्यातला व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसला होता. दोन दिवस रॉकेल आणि तेल ओतून, हातोडीनं ठोकून मी तो मोकळा केला. खऱ्या चेंबरला कुलूप घातलं. मग चावी आप्पांच्या हातात दिली आणि तोंड शक्य तितकं सरळ ठेवून म्हटलं, "आप्पा, आपला व्हॉल्व्ह आता इकडे हलवलाय."

त्यांनी चौदा फेरे मोजून बंद केला, घरी येऊन दोनदा भात घेतला. ते गेले की मी तो उघडून ठेवायची, दुसऱ्या दिवसासाठी. तक्रारी थांबल्या. मला कायम केल्याचं पत्र मिळालं. शिक्षिका बाई तर रस्त्यात थांबून माझं कौतुक करू लागल्या.

एके सकाळी बंद करून झाल्यावर आप्पा चेंबरच्या कडेला टेकले. डोळे अगदी स्वच्छ होते.

"सूनबाई, या पायपात पाणी नाही."

मी उगाच चावी पुसायला लागले.

"पाणी असलं की शेवटचे दोन फेरे हाताशी भांडतात. हा गरीब गाईसारखा फिरतो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"मग रोज एवढी चढण कशाला चढता?"

"आज कळतंय, उद्या कळेल याचा भरवसा नाही. तेव्हा मला इथेच आणत जा. त्या दुसऱ्या व्हॉल्व्हला हात लावू देऊ नकोस, मी कितीही ओरडलो तरी." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "खोटं मात्र छान बोलतेस."

आम्ही दोघं हसलो. मी हसता हसता रडले, पावसात कुणाला दिसतंय म्हणून.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मोठा पूर आला. आप्पांनी कोरड्या लाइनीचा तोच जुना व्हॉल्व्ह बंद करायला घेतला. बारा फेरे झाले आणि त्यांनी दात आवळले, दोन्ही हातांनी चावी रेटली, धापा टाकत तेरावा, चौदावा फेरा पुरा केला.

"आज फार जोर आहे पाण्याला," म्हणाले.

"हो आप्पा," मी म्हटलं. "फार जोर आहे."