उकवा, बालाघाट बोलते

मले कोणतंही बटण दाबायची भीती वाटत नाही. चोवीस वर्ष बालाघाटच्या टेलिफोन एक्स्चेंजात बोर्डावर बसली मी. लालबर्र्याच्या गिरणीवाल्याले चुकून तिरोडीच्या स्टेशनमास्तराशी जोडलं, असं एकदाही झालं नाही. "तीन मिनट हो गए, बढ़ाना है?" हे कॉलची वेळ संपली की विचारायचं वाक्य तं मी अजूनही झोपेत म्हणते, असं आमचे हे सांगतात. म्हणून २००७ च्या जानेवारीत माझ्या ब्लॉगचं नवीन रूप आलं आणि हे घाबरून म्हणाले, "माणिक, जुनंच राहू दे, सारं पुसून जाईन," तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा."

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची माझी वही. कोणीही वाचावी आणि खाली आपलं म्हणणं लिहावं. लेक ईरानं पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला, फोनवरून मराठी टायपिंग शिकवलं, आणि मी एक्स्चेंजच्या आठवणी लिहायले बसली. पण खरं सांगू? आठवणी-बिठवणी सारा बहाणा. मले उकवा पाहिजे होती.

उकवा म्हणजे उकव्याच्या खाणीवरच्या एक्स्चेंजातली बाई. अकरा वर्ष आम्ही रोज बोललो, पण एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. ती मले बालाघाट म्हणे, मी तिले उकवा म्हणो, नाव विचारायची गरजच पडली नाही. माझी आई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ड्युटीवर होती आणि बदली बाई यायले घंटाभर होता. उकव्याची लाइन चालू होती. ती काहीच बोलली नाही, फक्त लाइन धरून बसली, माझं रडणं होईपर्यंत. मंग म्हणाली, "मी आहे वो, बालाघाट." पुढे तिची बदली झाली, कुठं ते कळलं नाही. मी एकदा बसनं उकव्याले गेलती, तं खोलीले कुलूप! त्या दिवशी तू होती म्हणून मी तरली, एवढंच मले तिले तोंडानं सांगायचं होतं. ते राहून गेलं ते गेलंच, आणि मले ते फार लागून राह्यलं होतं.

तं नवीन रूप. पहिली सोय, लेखाले लेबल लावा, बाजूले यादी आपोआप येते. मी लावले. तिरोडी पाच, लालबर्रा तीन, उकवा एकोणीस. ह्यांनी चष्मा सरकवून पाहिलं. "उकवा एकोणीस! आणि नवरा?"

"ते लेबल अजून निघालं नाही," मी म्हटलं.

दुसरी सोय, पानावरचे चौकोन माऊसनं ओढून पाहिजे तिथं ठेवा. घरातलं कपाट हलवायले चार माणसं लागतात, इथं मी एकटीनं सारं घर फिरवलं. तिसरी सोय प्रतिक्रियांची. कोणी मेला माझ्या लेखांखाली वजन घटवायच्या गोळ्यांची जाहिरात चिकटवून राह्यला होता. आता प्रतिक्रिया आधी मालकाले दाखवा, मालक हो म्हणन तरच छापा, असं करता येत होतं. मी ताबडतोब केलं. खाली विचारलं होतं, नवीन प्रतिक्रिया आली तं कोणत्या ईमेलवर कळवू? तो रकाना मी रिकामा सोडला. कळवायचं काहून? बोर्डावर फोन आला की पितळेची झडप खट्‌कन पडे, मान फिरवली तरी कळे. इथंही काहीतरी पडनच, असं मी धरून चालली.

काहीच पडलं नाही. तीन आठवडे एकही प्रतिक्रिया नाही. मी मनात म्हटलं, लोकं रुसले, रुसू दे.

तेरा फेब्रुवारीले, मंगळवारी सकाळी, चहा देता देता मी तेच म्हणाली, तं हे म्हणाले, "लोकं कशाले रुसतात? मीच दोनदा लिहिलं. तूच छापलं नाही."

"काय लिहिलं?"

"नवऱ्याचं लेबल लाव म्हणून."

मी कप तसाच ठेवला आणि कॉम्प्युटर लावला. जिथं मी कधी गेलीच नव्हती त्या एका पानावर साऱ्या प्रतिक्रिया रांगेत बसल्या होत्या. एकतीस! गोळ्यावाला नऊ वेळा, हे दोन वेळा, आणि मधात एक, आठ दिवसांची, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी.

"बालाघाट, मी उकवा. नाव लीलाबाई. लेक गीता बैहरले मास्तरीण आहे, तिनं तुझं सारं वाचून दाखवलं. आता मी मोठ्या पोराकडे सुरतेले कायमची चालली. मंगळवारी तेरा तारखेले गोंदियाच्या बसनं निघते, तिथून रात्री रेल्वे. साडेदहाले बालाघाटच्या स्टँडवर पाव घंटा थांबते बस. येशीन का? तुझा फोन नंबर शोधला, पण नावाशिवाय कसा सापडन?"

घड्याळात दहा पंचवीस झाले होते.

जिनं मोठमोठ्या साहेबांचे फोन अर्ध्या मिनिटाच्या वर ताटकळत ठेवले नाही, तिनं उकव्याले आठ दिवस ताटकळत ठेवलं! मले स्वतःच्या थोबाडीत मारावं वाटलं. "अहो, स्कूटर काढा," मी ओरडली. "चुकलं माझं!" लग्नाले पस्तीस वर्ष झाले, हे वाक्य ह्यांनी पहिल्यांदा ऐकलं असन. चहा तसाच टाकून त्यांनी किक मारली.

स्टँडवर पाच-सहा बसा उभ्या होत्या, त्यातली गोंदियाची कोणती ते घाईत दिसेना. खिडक्या-खिडक्यांत म्हाताऱ्या. कोणाले ओळखू? चेहरा मी पाहिलाच कधी होता! मंग मी स्टँडच्या मधात उभी राह्यली आणि बोर्डावरचा आवाज काढला.

"हॅलोऽ उकवा! बालाघाट बोलते! उकवाऽ!"

केळीवाला थांबला. लोकं पाहून राह्यले. हे स्कूटरजवळ खाली मान घालून उभे.

"हौ बालाघाट," मागच्या बसमधून आवाज आला. "बोला."

तोच आवाज, जराही म्हातारा झाला नव्हता. खिडकीत एक छोटीशी, पांढऱ्या केसांची बाई. मी धावली आणि खिडकीतून तिचा हात धरला. एकोणीस लेखांत लिहून लिहून पाठ केलेलं एक वाक्य माझ्या तोंडातून निघेना. नुसतं रडणं. आणि ती काहीच बोलली नाही, फक्त हात धरून बसली, माझं रडणं होईपर्यंत.

कंडक्टरनं शिट्टी मारली. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. लीलाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि कडक, सरकारी आवाजात विचारलं, "बालाघाट, तीन मिनट हो गए. बढ़ाना है?"

"बढ़ाओ!" मी म्हटलं. "गोंदियाची पुढची बस दुपारी दोनले आहे." आणि ह्यांले तिची पेटी उतरवायले हाक मारली.