बाईंची ड्युटी

“बाई! तुमी हितं? बरं झालं, देवच भेटला!”

जिन्याच्या पहिल्या पायरीवर हरिश्चंद्रभाऊ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात टोक काढलेल्या तीन पेन्सिली. माझ्या हातातलं प्रवेशपत्र मी पर्सच्या मागे सरकवलं.

“सुपरव्हिजन आहे माझं,” मी म्हणाले. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं.

२००३ च्या डिसेंबरचा पहिला रविवार. मुंबईतल्या त्या कॉलेजात जपानी भाषेच्या चारही पातळ्यांच्या परीक्षा एकाच वेळी होत्या. हरिश्चंद्रभाऊ सगळ्यांत सोप्या, चौथ्या पातळीला बसले होते. मी तिसरीला, तिसऱ्यांदा.

फुलपाड्याच्या माझ्या घरी दर रविवारी जपानीचा क्लास चाले. दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली लिहिलं होतं : बी.एस्सी. (रसायनशास्त्र), जपानी तिसरी पातळी उत्तीर्ण. पाटी रंगवायला दिली तेव्हा पहिल्या खेपेचा निकाल यायचा होता, आणि पास होणारच अशी माझी खात्री होती. नापास झाल्यावर पाटी उतरवायला हवी होती. मी उतरवली नाही.

हरिश्चंद्रभाऊ जवळच्या गास गावचे. वय सत्तेचाळीस, वसईच्या एका कारखान्यात फिटर. तिथे जपानी यंत्रं आली होती, आणि चौथी पातळी पास होणाऱ्या एका फिटरला सहा महिने ओसाकाला पाठवणार होते. “पुढल्या वर्साला तरन्या पोरांनाच धाडतील बाई,” ते म्हणत. “माझी ही एकच गाडी.” दोन वर्षं त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता. त्यांची चित्रलिपी माझ्यापेक्षा सुबक होती.

“मंग सांगा ना, माझा वर्ग कुटं? यादीच्या फळ्यापाशी ही गर्दी, काय दिसत नाय.”

त्यांनी प्रवेशपत्र पुढे केलं. मला काहीच ठाऊक नव्हतं. माझा वर्गसुद्धा मी आत्ताच शोधून काढला होता. पण सुपरव्हायझरला माहीत नाही, हे कसं म्हणायचं?

“तिसरा मजला. डावीकडे,” मी म्हणाले.

“झालं तर!” ते दोन-दोन पायऱ्या चढत गेले.

माझा वर्ग तळमजल्यावर होता. पहिला पेपर सुरू होऊन आठ-दहा मिनिटं झाली असतील. खिडकीतून मैदान दिसत होतं. हरिश्चंद्रभाऊ ते ओलांडून समोरच्या इमारतीकडे धावत होते. खिशातली एक पेन्सिल पडली. ती उचलायला ते थांबले नाहीत. चौथ्या पातळीचा पहिला पेपर पंचवीस मिनिटांचा असतो. मी मान खाली घातली आणि पुढचा प्रश्न सोडवला. उत्तर बरोबर होतं, हे मला आजही आठवतं.

मधल्या सुट्टीत मी पाणी प्यायलाही बाहेर पडले नाही.

पुढच्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “तिसऱ्या मजल्यावर वर्ग नव्हता बाई. खाली आलो तवा फळ्यापाशी कोन नव्हतं. सगल्या याद्या वाचल्या. आदी तिसरी लेव्हल लागली, मंग चौथी. नावं वरपासून खालपर्यंत वाचली, तिसरीचीपन.”

माझ्या हातात खडू होता. ते माझ्याकडे बघत नव्हते. सतरंजीची दुमडलेली कड सरळ करत होते.

“भाऊ, मी—”

“पोरी आल्या,” ते म्हणाले.

निकाल फेब्रुवारीअखेर आला. मी पास झाले. ते कुणालाही सांगता येईना, कारण सगळ्यांच्या लेखी मी कधीचीच पास होते. प्रमाणपत्रावर तारीख होती, म्हणून ते भिंतीवरही लावता येईना. कपाटात साड्यांखाली ठेवलं.

हरिश्चंद्रभाऊंनी आपला कागद मला वाचायला दिला. क्लासमधल्या दोघी कॉलेजच्या मुली, उन्नती आणि ज्ञानदा, पास झाल्या होत्या. त्याही पुढे वाकून बघत होत्या.

“लिपी आणि शब्द, शंभरपैकी एकतीस,” मी वाचलं. “ऐकणं, शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर. वाचन आणि व्याकरण, दोनशेपैकी एकशे वीस. एकूण दोनशे एकोणतीस.”

पास व्हायला चारशेपैकी दोनशे चाळीस लागत. अकरा कमी. क्लासच्या चाचण्यांत लिपीत त्यांना कधी ऐंशीच्या खाली मिळाले नव्हते. वजाबाकी करायला मला कागद लागला नाही.

“काका, लिपीत एकतीस?” उन्नती म्हणाली. “तुम्ही तर आमचे टॉपर! काय झोपलेलात काय पेपरात?”

“उशीर झाला गो. वर्ग चुकलो.”

“मग बाईंना विचारायचं ना! तुम्हीच म्हणालात, त्या ड्युटीवर होत्या.”

 मी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. आता बोलायचं, असं ठरवून मी मान वर केली.

“बाई कामात होत्या,” हरिश्चंद्रभाऊ म्हणाले. “मानसानं आपल्या डोल्यांनी वाचावं. दुसऱ्याला काय म्हनून त्रास द्यायचा?”

“अहो, पण—” मी म्हणाले.

“धडा घ्या बाई. वेळ चाललाय.”

मी पुस्तक उघडलं.  हरिश्चंद्रभाऊ नेहमीसारखे पुढे, भिंतीला न टेकता बसले होते, आणि मी वाचलेलं प्रत्येक वाक्य माझ्यामागून म्हणत होते, त्या मुलींपेक्षा मोठ्याने.