उलटी कॉपी

अमरावतीत वर्षालीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. परतवाड्याच्या दामिनीताईंनी आपला जुना कॉम्प्युटर तिच्याकडे आणला, तेव्हा त्याची हार्ड डिस्क कुरकुरत होती. दामिनीताई मेळघाटातल्या शाळेत शिक्षिका. कोरकू आदिवासी म्हाताऱ्या बायांची गाणी नि गोष्टी त्यांनी वर्षानुवर्षं रेकॉर्ड केल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणी आता हयात नव्हत्या. सगळं याच डिस्कवर होतं, दुसरीकडे कॉपी ठेवायचं राहूनच गेलं होतं. सासऱ्यांचा, किसनरावांचा, पाय वायरीत अडकून कॉम्प्युटर टेबलावरून पडला आणि तेव्हापासून तो कुरकुरत होता.

वर्षालीने तशीच दिसणारी कोरी डिस्क घेतली आणि जुनीची हुबेहूब नक्कल करायला लावली. फोनवर गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तिने डिस्क निवडल्या. कुठून कुठे, ते उलटं झालं. कोरी डिस्क जुनीवर उतरत होती. लक्षात येताच तिने काम थांबवलं, पण सुरुवातीचा बराच भाग पुसून गेला होता.

डिस्क पडली तेव्हाच गेलेली होती, असं तिने दामिनीताईंना सांगितलं.  त्या डिस्क दुकानातच सोडून निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. काही उपाय आहे का, विचारत होत्या. रागाच्या भरात त्या किसनरावांना नको ते बोलल्या होत्या. तेव्हापासून म्हातारा त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापाशीही येत नव्हता. जेवायलाही वेगळा बसायचा.

वर्षालीने ती डिस्क पुन्हा बाहेर काढली. आधी तिने तिची जशीच्या तशी इमेज, म्हणजे पूर्ण नक्कल, काढली आणि मूळ डिस्कला पुन्हा हात न लावता त्या इमेजमधून फाइली शोधायला बसली. नावं गेली होती, पण आवाज निघाले. निम्म्याहून थोडे कमी. दामिनीताई फोनवर रडल्या. तुमचे उपकार फेडता येणार नाहीत, म्हणाल्या. ते ऐकून वर्षालीला स्वतःचीच किळस आली.

ते आवाज भरलेली नवी डिस्क घेऊन ती परतवाड्याला गेली. किसनराव ओसरीवर होते. त्यांनी उठून हात जोडले.

"पोरी, माह्या हातून झालेलं तू निस्तरलं."

"बाबा, तुमच्या हातून नाही झालं," वर्षाली म्हणाली. "पडल्यावरही डिस्क चालू होती. मी उलटी कॉपी लावली. आणि खोटं बोलले."

किसनरावांनी दारात उभ्या सुनेकडे पाहिलं. "मंग मी नाई घालवलं ते?"

दामिनीताई पुढे आल्या. त्यांनी वर्षालीला विचारलं, "तुमाले त्याच दिवशी माहीत होतं?"

"हो."

"तवाच सांगतलं असतं तर गाणे गेले मनून रडली असती मी. पन यायले तसं बोल्ली नसती," त्या सासऱ्यांकडे हात करून म्हणाल्या.

वर्षालीने डिस्क पुढे केली. दामिनीताईंनी ती घेतली. कोणी तिला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दामिनीताई सासऱ्यांच्या पायाशी बसल्या आणि "मामंजी" एवढंच म्हणाल्या. म्हाताऱ्याने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

वर्षाली चपला घालून बाहेर पडली. बसस्टँडवर अमरावतीची गाडी लागलेली होती, पण ती बराच वेळ बाकावरच बसून राहिली. दामिनीताई पुन्हा कधी तिच्या दुकानात आल्या नाहीत.