वीतभर दुमड

पडदेवालीच्या स्वतःच्या घरात पडदा एकच होता, आणि तो तिच्या लग्नाहून फक्त सहा महिन्यांनी लहान होता. जाड सुती कापड, एके काळी निळं. आता त्याला कोणता रंग म्हणायचा हे ज्याने त्याने आपापल्या चष्म्यातून ठरवावं. चाळीस वर्षांत नवराबायकोंनी भाड्याची अकरा घरं केली, आणि अकराही घरांत हाच पडदा लागला. खिडकी उंच निघाली की ती खालची दुमड उसवायची, बुटकी निघाली की आणखी वर दुमडून टाचायची. कापड मात्र तिने कधी कापलं नाही. कधी वीतभर, कधी हातभर कापड त्या दुमडीत झोपून असायचं, पुढच्या घराची वाट बघत.

ही सवय हातात इतकी मुरली की गिऱ्हाइकांच्या पडद्यांतही ती वीतभर जास्तीचं दुमडून ठेवायची. "बाई, केवढं कापड वाया घालवता," असं लोक कुरकुरायचे. "राहू द्या आत, खायला मागत नाही," ती म्हणायची.

दुपारी मशीनवर लांबच लांब कापड सुईखालून सरकत असलं, की तिचे डोळे उघडे असायचे पण ती तिथे नसायची. ती एका खोलीत असायची. वर्षानुवर्षं तीच खोली. खोलीत एक खिडकी, खिडकीला तो पडदा, आणि पडद्याची कड जमिनीला टेकते न टेकते अशी. वारा आला की पडदा पोट फुगवायचा आणि पुन्हा जागेवर यायचा. दुमड बोटभर. संपलं स्वप्न. यात काय मोठं, असं ज्याला वाटेल त्याने घरं बदललेली नाहीत.

तिच्या नवऱ्याला सगळे काटेवाले म्हणत. छत्तीस वर्षं तो गोदामाच्या फाटकावर मालाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर बसला. गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरलेली, आणि वजाबाकी केली की खरा माल कळतो. उंचीने तो बायकोच्या खांद्याला लागायचा. लग्नात कुणीतरी म्हणालं होतं, हा जोडा नव्हे, शिडी आणि स्टूल. त्यावर सगळ्यात जास्त तोच हसला होता.

गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक बरी रक्कम एकदम हाती आली. त्या दिवसापासून घरात घर की शेअर, एवढा एकच विषय उरला.

"घर म्हणजे एकाच गाडीत सगळा माल," काटेवाले म्हणायचा. गेली आठ वर्षं तो पगारातून थोडे थोडे शेअर घेत होता. जुगारी नव्हता, चहासुद्धा फुंकून पिणारा माणूस. "गाडी रुतली की माल रुतला. शेअर वीस गाड्यांत वाटून ठेवता येतात."

"आणि मी राहू कुठे, विसाव्या गाडीत?"

"राहतोय की आपण."

"भाड्याने. घर पाहावं बांधून, असं म्हणतात लोक."

"म्हणीपुरती म्हण. त्यात लग्नही आहे. ते पाहिलं करून."

लेक फोनवर म्हणाली, निम्मं निम्मं करा. ती लहानपणापासून तशीच, भांडण नको म्हणून पेन्सिलीचेही दोन तुकडे करणारी. पण निम्म्या पैशात निम्मी खिडकी येत नाही.

तसा काटेवाले वाईट माणूस नव्हता. चाळीस वर्षांत तिने जेव्हा जेव्हा घराचं काढलं, तेव्हा तेव्हा तो "पाहू" म्हणाला, आणि प्रत्येक वेळी कारण खरं होतं. कधी सासूचं आजारपण, कधी लेकीचं शिक्षण. तिने वाद घातला नाही. तिला एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडून "घेऊ" ऐकायचं होतं.

म्हणून त्या रविवारी ती त्याला सँपल फ्लॅट दाखवायला घेऊन गेली. इमारत अजून जमिनीतून वर आली नव्हती. नुसता खड्डा होता, आणि खड्ड्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये हे एक घर सजवून ठेवलेलं होतं. दाखवणारी मुलगी हसरी होती. तिने दोघांना मऊ सपाता दिल्या, आणि आत पाऊल टाकताच पावलांचा आवाज बंद झाला.

आत उन्हं होती. बाहेर आभाळ भरलेलं, पण आत मधाच्या रंगाची उन्हं. कुठल्याच खोलीला दार नव्हतं, त्यामुळे एका खोलीतून दुसरीत माणूस वाहत गेल्यासारखा जायचा. टेबलावर दोन कप मांडलेले, कुणी आत्ताच उठून गेलंय असे. पडदेवाली हळूहळू चालत होती. तिला वाटलं, आपण मशीनवरच आहोत आणि कापड संपायचं आहे.

शेवटच्या खोलीत पलंग होता. मुलगी म्हणाली, "काका, बसून बघा ना." काटेवाले बसला, मग आडवा झाला, आणि आडवा झाल्यावर त्याचा चेहराच बदलला. उभ्या आयुष्यात प्रत्येक पलंगावर त्याच्या पायांखाली रिकामं मैदान उरायचं. इथे त्याने पाय ताणले तर बोटं कडेला लागली.

"अगं," तो छताकडे बघत म्हणाला, "हे माझ्या मापाचं आहे."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," मुलगी हसून म्हणाली.

"पसरले. अंथरूण पहिल्यांदाच पायांना बरोबर आलं," काटेवाले म्हणाला. मग त्याने डोळे मिटले, आणि ज्या आवाजात तो काट्यावर वजन वाचायचा त्याच शांत आवाजात म्हणाला, "घेऊ."

चाळीस वर्षांचा शब्द, आणि तो असा उताणा पडून आला. आपलं तोंड कुणाला दिसू नये म्हणून पडदेवाली खिडकीकडे वळली, आणि हाताला चाळा म्हणून तिने पडद्याची कड बोटांत धरली.

कड जाड लागली. तिने उलटून पाहिली. आत वीतभर दुमड होती. टाका तिचाच, सरळ आणि थोडा जवळजवळचा.

तिला सगळं आठवलं. सहा महिन्यांपूर्वी एक सजावटवाला आला होता. खिडकीचे पडदे सांगितले, वर पलंगाची चादर आणि गादीची खोळ, पाच फूट दोन इंच लांबीची. मुलांची खोली असेल, असं समजून तिने काही विचारलं नव्हतं. तिने पडदा जरासा सरकवला. मागे काच नव्हती. पांढरा कागद होता आणि कागदामागे दिवे.

तिने मान वळवून खोली पुन्हा पाहिली. कपाट, टेबल, खुर्ची, सगळंच एका पायरीने लहान केलेलं. खोलीसुद्धा त्यामुळेच मोठी दिसत होती. इथे खरा पलंग आणला तर कपाट उघडणार नाही, आणि दार बसवलं तर दारही नाही.

क्षणभर तिने गप्प बसायचं ठरवलं. खरंच ठरवलं. सोमवारी सही केली तर दोन वर्षांत किल्ली मिळेल. लहान तर लहान, पण आपलं. आणि हा माणूस इतका सुखात पडलाय, त्याला उठवायचं कसं?

"चला," ती म्हणाली. "विचार करून सांगू."

परतताना बस थांब्यावर दोघं बसले. काटेवाले खुशीत होता. पलंग कुठल्या बाजूला ठेवायचा ते बोलत होता. तिने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुमच्या काट्यावर गाडी आधी कशी तोलायची?"

"रिकामी."

"आज आपण नुसती भरलेली पाहिली."

मग तिने सगळं सांगितलं. दुमड, चादरीचं माप, कागदामागचे दिवे. तो ऐकत राहिला. एक बस आली आणि त्यांना न घेताच गेली.

"म्हणजे पलंगच तोकडा होता," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, म्हातारपणी वाढलो."

ती हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाईट वाटत होतं, आणि ते लपवायचा तिला कंटाळा आला होता.

"मला घर हवं होतं हो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "दुसरं शोधू. खऱ्या मापाचं."

"खऱ्या मापाचं आपल्या रकमेत बसत नाही. मी दोन वर्षं विचारत फिरलेय, तुम्हाला न सांगता." तिने पदराने डोळे पुसले. "तुमच्या वीस गाड्यांतच ठेवा. पण घरी चला, मला एक काम आहे."

घरी आल्यावर तिने पडदा काढला, जमिनीवर पसरला आणि खालची दुमड पूर्ण उसवली. आतलं कापड अजून निळं होतं, पहिल्या दिवसाइतकं. त्यावर जुन्या टाक्यांच्या रेघा आडव्या उमटलेल्या. काटेवाले शेजारी मांडी घालून बसला आणि एकेका रेघेवर बोट ठेवू लागला.

"ही बेकरीवरची खोली."

"हो. पहाटे सगळं घर पावासारखं दरवळायचं."

"ही शाळेसमोरची. लेक इथे चालायला लागली. आणि ही?"

"समोर भिंत होती ती. तिथे आपण दोन वर्षं नुसते भांडलो."

तिने खिडकीचं माप घेतलं, खडूने रेघ मारली आणि मोठी कात्री उचलली. काटेवाले तिच्या हाताकडे बघत राहिला. त्या हाताने हे कापड कधी कापलेलं नव्हतं.

"मालक उद्या म्हणाला, खोली सोडा, तर?"

"तर नवं कापड घेऊ. तुमची एखादी गाडी तोवर पोचेल ना?"

तो पाहू म्हणाला नाही. त्याने कापडाची दोन टोकं दोन्ही हातांनी ताणून धरली, रेघ सरळ केली आणि म्हणाला, "काप."

कात्री निळ्यातून शेवटपर्यंत गेली. बेकरी आणि शाळा त्या पट्टीबरोबर सुटून बाजूला पडल्या. तिने कड शिवली. पडदा लावायला मात्र या वेळी तो स्टुलावर चढला, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ती खाली उभी राहिली.

"सोडा," ती म्हणाली.

त्याने सोडला. पडद्याची कड जमिनीला टेकली न टेकली अशी थांबली. दुमड बोटभर होती.