गुरुवारची सुट्टी

माझी पहिली दोन पोटातच गेली. दोन्ही आठव्या महिन्यात. तिसऱ्या खेपेला मी नवससायास सोडले आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना धरलं. बाई कडक. म्हणाल्या, "कस्तुरा, तुझं बीपी चढतंय. रोज जेवण झालं की डाव्या कुशीवर पड, पोटावर हात ठेव आणि बाळ हलतंय का बघ. हालचाल कमी वाटली तर कुणाला विचारत बसू नकोस, तशीच निघून ये."

आठवा लागला आणि आम्ही चिंचवडला नव्या खोलीत राहायला गेलो. ह्यांना हौस, घरात नळ पाहिजे! नळ होता हो, पण मागच्या भिंतीला लागून फोर्जिंगची कंपनी. तिथला अवजड हॅमर तापल्या लोखंडावर आदळायचा आणि आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. पहिल्या दिवशी मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले. मग हळूहळू कानाला सवय झाली.

बाळ मात्र त्या खोलीत आल्यापासून काय उसळायला लागलं! हिंडता-फिरता फारसं कळायचं नाही. पण भिंतीलगतच्या लोखंडी खाटेवर आडवी झाले, की पोटात धप, धप! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसून पोटावर हात ठेवायच्या. "आगं बया, पैलवान हाय! कसा धडका मारतोय!" शेजारच्या शालनबाईंनासुद्धा हात लावून बघायला बोलावलं. मी अशी खूश, की पायावरची सूज विसरले.

त्या खोलीतला आमचा पहिला गुरुवार. हे घरीच होते. जेवले, खाटेवर पडले, हात ठेवला. काहीच नाही. कूस बदलली. काही नाही. आत्याबाई म्हणाल्या, "निजलं आसंल."

हे दारात विडी ओढत बसले होते. सहज म्हणाले, "आज कसं शांत वाटतंय नाही? कंपनीला सुट्टी, हॅमर बंद."

मी ताडकन उठून बसले. मांडणीकडे बघितलं. एक वाटी हलत नव्हती. अगं बाई गं! म्हणजे इतके दिवस धडका मारत होतं ते माझं लेकरू नव्हतं?

"अहो उठा!" मी एवढ्यानं किंचाळले, की ह्यांच्या हातातली विडी पडली. शेजारचे युनूसभाई टेम्पो दुरुस्त करत होते, त्यांनी तोच काढला. वाटभर मी ह्यांना, त्या कंपनीला, नळाला शिव्या घालत होते आणि रडत होते.

डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी पोटाला लावली, कान टेकवला. किती वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आहे. पण ठोके फार मंद पडलेत. ऑपरेशन आत्ताच."

मुलगी झाली. चिमणीएवढी. आधी गप्पच होती, मग रडली. ते रडणं ऐकून हे बाहेर भिंतीला धरून खाली बसले.

शुद्धीवर आले तेव्हा बाई खाटेजवळ उभ्या होत्या. "शहाणी गं तू, वेळेवर आलीस. उद्यावर टाकलं असतंस तर हिला वाचवता आलं नसतं."

उद्या शुक्रवार. सकाळीच हॅमर सुरू झाला असता. जेवून मी खाटेवर पडले असते आणि आत्याबाई पोटावर हात ठेवून म्हणाल्या असत्या, "बघ, उठला तुझा पैलवान."